आधी समज, मग सण

शास्त्रपाठ : नहेम्या ८:१-१२, मार्क १०:१३-१६
पाठाचा हेतू : खेड्यातील मुलांमध्ये सेवा करताना शिकविणे आणि आनंद करणे यांचा क्रम व संबंध समजून घेणे.



नाताळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांतून खेड्यातील मुलांसाठी काहीतरी करावे असा विचार निघतो. वर्गणी जमते, खाऊची पाकिटे भरली जातात, तरुण संघ गाडी ठरवितो. ही इच्छा देवाने दिलेली आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु चांगली इच्छा आणि चांगली सेवा यांच्यामध्ये बरेच अंतर असते. ते अंतर कसे चालून जावे, हे आज आपण शास्त्राच्या आधारे पाहू.

१. एका आईचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी पांढुर्णा व सौसर यांच्यामधल्या एका खेड्यात आम्ही दहा-बारा जण गेलो. डिसेंबरचा महिना, कापसाची वेचणी जोरात. शाळा भरली होती, पण मोठी मुले बहुतेक आईबरोबर वावरात होती. आम्ही त्यांना बोलावून आणले, गायने गायिली, मार्क १० मधून मी दहा मिनिटे बोललो, खाऊ आणि रंगीत पेन्सिली वाटल्या, फोटो काढले. दोन तासांत सारे आटोपले.

निघताना एक बाई मुलीचा हात धरून पुढे आली. म्हणाली, "भाऊ, पेन्सिल देल्ली, बरं केलं. पन हिले लिवाले कोन शिकवन?"

मुलगी पाचवीत होती. तिला स्वतःचे नाव नीट लिहिता येत नव्हते. लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या, या प्रभूच्या आज्ञेवर मी नुकताच बोललो होतो, आणि त्या बाईच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. परतीच्या वाटेवर मी तो शास्त्रभाग पुन्हा वाचला. प्रभूने लेकरांना लांबून काही वाटले नाही. त्याने त्यांना कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवले. म्हणजे तो त्यांच्यापाशी थांबला. आम्ही थांबलो नव्हतो.

२. पाणीवेशीसमोरची शाळा

नहेम्याचा आठवा अध्याय हा बंदिवासातून परतलेल्या लोकांच्या मोठ्या सभेचा वृत्तांत आहे. तो सावकाश वाचला म्हणजे चार गोष्टी ध्यानात येतात.

पहिली : एज्रा शास्त्र्याने लोकांना बोलाविले नाही, लोकांनीच त्याला ग्रंथ आणावयास सांगितले (वचन १). गरज त्यांची होती आणि मागणीही त्यांचीच होती.

दुसरी : सभेत पुरुष होते, स्त्रिया होत्या, आणि ऐकून समजू शकणारे सर्व होते (वचन २). ज्या मुलांना समज आली होती, ती बाहेर खेळत ठेवलेली नव्हती.

तिसरी : वाचणारा एज्रा एक, पण लोकांत राहून अर्थ सांगणाऱ्या तेरा जणांची नावे सातव्या वचनात दिली आहेत. त्यांच्याविषयी आपल्याला फारसे काही ठाऊक नाही. तरी त्यांच्यावाचून त्या दिवशीचे वाचन वाऱ्यावर गेले असते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, ही तेरा नावे आपलीच समजा.

चौथी, आणि मुख्य : मेजवानी शेवटी आली. लोकांनी गोडधोड खाल्ले, ज्यांच्या घरी काही शिजले नव्हते त्यांना वाटे पाठविले आणि मोठा आनंद केला. का? बाराव्या वचनात कारण दिले आहे : सांगितलेल्या गोष्टी त्यांना समजल्या म्हणून. आम्ही त्या खेड्यात मेजवानी घेऊन गेलो होतो, पण समजण्याजोगे काही नेले नव्हते.

३. घरची भाषा

आठव्या वचनात म्हटले आहे की लेव्यांनी अर्थ फोडून सांगितला. बंदिवासानंतर पुष्कळांच्या तोंडी अरामी भाषा बसली होती. ग्रंथ इब्री, बोलणे निराळे, अशी त्यांची अडचण असावी, असे अनेक भाष्यकार मानतात.

आपल्या भागात ही अडचण घरोघरी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पांढुर्णा व सौसर मध्य प्रदेशातच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. जिल्हा बदलला तरी मुलांची भाषेची गाठ तशीच आहे. घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, आदिवासी वस्तीवर गोंडी, आणि शाळेच्या पुस्तकात हिंदी. मूल मंद नसते. पहिल्या दिवसापासून त्याला परक्या भाषेत वाचावे लागते, एवढेच.

आपल्या पूर्वीच्या सेवकांनी हे ओळखले होते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरला राहून गोंड लोकांचा अभ्यास केला. ते १८६३ मध्ये वारल्यावर त्यांचे लेख १८६६ साली प्रसिद्ध झाले. त्याच मिशनचे जेम्स डॉसन यांनी छिंदवाड्यास राहून गोंडी शब्द व वाक्ये गोळा केली आणि शुभवर्तमान गोंडीत आणण्यासाठी श्रम घेतले. शिकविण्याआधी ते शिकले.

४. नाशिकहून आफ्रिकेत

कोणी म्हणेल, अशा शिकविण्याने काय होणार? यासाठी आपल्या महाराष्ट्राच्याच मंडळीच्या इतिहासातील एक गोष्ट सांगतो.

गेल्याच्या मागील शतकात अरबी समुद्रात गुलामांची गलबते इंग्रज आरमार पकडीत असे. त्यांत आफ्रिकेच्या खेड्यांतून पळवून आणलेली मुले सापडत. अशा पुष्कळ मुलांना मुंबईस उतरविण्यात आले. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे त्यांच्यासाठी आश्रम चालविला. तेथे त्यांना वाचन-लेखन, शास्त्र, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत.

फळ लगेच दिसले असे नाही. १८६६ मध्ये डॉ. लिव्हिंगस्टन यांनी नाशिकची काही मुले आफ्रिकेच्या प्रवासात बरोबर नेली आणि त्यांच्याविषयी कडक तक्रारी लिहिल्या. पुढे १८७२ मध्ये नाशिकच्या आणखी काही तरुणांची तुकडी लिव्हिंगस्टनकडे पाठविण्यात आली. १८७३ साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात मरण पावले, तेव्हा या तुकडीतील जेकब वेनराइट याने उत्तरक्रियेची प्रार्थना वाचली. त्याने व सोबत्यांनी ते शव महिनेच्या महिने पायी चालून समुद्रकिनाऱ्यावर आणले.

मुंबई व नाशिक येथे शिकलेले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे १८६४ मध्येच मोंबासाजवळील राबाई येथे सेवेस गेले होते. १८७५ मध्ये तेथेच जवळ फ्रिअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत झाली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. नाशिकचे पुष्कळ लोक तिकडे जाऊन शिक्षक, कारागीर, उपदेशक झाले. एकेकाळी जी पळविलेली लेकरे होती, तीच आता आफ्रिकेच्या खेड्यातील लेकरांना शिकवू लागली. जोन्स व सेमलर यांना पुढे पाळकपदाची दीक्षा मिळाली.

राबाईत पळून आलेल्या गुलामांना जोन्स यांनी आसरा दिला. मालक खवळले, हल्ल्याची भीती झाली. शेवटी मालकांना भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ रोजी त्या किनाऱ्यावरील मिशनांतल्या हजाराहून अधिक माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले. राबाईतला तो नववर्षाचा दिवस खरा सण होता. त्याच्यामागे पंचवीस वर्षांचे शिकविणे आणि सोसणे होते.

आपल्या छिंदवाडा-बैतूल भागाचाही आफ्रिकेशी असाच धागा आहे. येथे काम केलेल्या स्वीडिश मिशनचे पहिले सेवक त्याआधी, १८६६ मध्ये, पूर्व आफ्रिकेच्या मसावा बंदरात उतरले होते. प्रभूचे शेत एकच आहे.

५. सण कोणाचा?

मुले पाठापेक्षा सणातून अधिक शिकतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या विदर्भात मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा करतात. त्याच दिवशी आपल्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते, आणि दरवर्षी माणसे जखमी होतात. शेजाऱ्यांच्या परंपरेवर टीका करणे हा या पाठाचा विषय नाही. सांगावयाचे इतकेच की दोन्हीकडे मुले पाहत असतात आणि मोठ्यांपासून शिकत असतात.

मग आपल्या नाताळातून ती काय शिकतात? एक माणूस टेबलामागे उभा, शंभर लेकरे रांगेत उभी. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ती शिकतात. नहेम्याच्या मेजवानीत अशी रांग नव्हती. वाटे घरोघरी गेले, आणि सर्वांचा आनंद एकच होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याप्रमाणे आमिष दाखवून धर्मांतर करविणे गुन्हा आहे, आणि भेटवस्तूही आमिषात मोडू शकते. पण कायदा नसता तरी आपण हेच पाळले पाहिजे. गळाला लावलेला खाऊ ही प्रीती नव्हे. मुलाला अक्षर शिकवावयाचे ते त्याला अक्षर यावे म्हणून. आईबापांच्या परवानगीवाचून त्याला प्रार्थनेला बसवू नये. आपली साक्ष आपल्या वागण्यातून झाकली जात नाही.

६. कामाची रीत

शिक्षकांच्या उपयोगासाठी अनुभवावरून काही सूचना देतो.

(अ) आधी गावात रिकाम्या हाताने जा. आईबाप, सरपंच, शाळेचे गुरुजी यांना विचारा की काय हवे आहे.
(आ) वेळ शेताच्या कामाप्रमाणे ठरवा. कापसाच्या वेचणीत आणि संत्र्याच्या तोडणीत मुले येणार नाहीत. त्यांना दोष देऊ नका.
(इ) थोडे शिक्षक, पण नेमाने येणारे. चार जण सहा आठवडे आले तर ते चाळीस जण एकदा येण्यापेक्षा बरे.
(ई) मुलांच्या बोलीत बोला, मग हिंदी पुस्तकाकडे न्या. मूल स्वतः सांगेल ती गोष्ट फळ्यावर लिहून तीच वाचावयास द्या.
(उ) रोजचा पाठ रोज पुरा करा. उद्या मूल येईलच असे नाही.
(ऊ) शेवटी सण करा, पण तो मुलांच्या शिकण्याचा असावा. मुलांनी वाचावे, आईबापांनी ऐकावे. जेवणात प्रत्येक घरचे काही असावे, आणि आपणही त्यांच्या हातचे खावे.

त्या खेड्यात आम्ही पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा गेलो. आठवड्यातून दोन संध्याकाळी, चार शिक्षक. काही दिवशी तीनच मुले आली. आमच्यातील एक जण कंटाळून थांबला. ती पाचवीतली मुलगी मात्र रोज येत होती. चौथ्या आठवड्यात तिचे कुटुंब मजुरीसाठी गाव सोडून गेले. शेवटच्या दिवशी मुलांनी आईबापांसमोर वाचून दाखविले, भाकरी, वांग्याची भाजी आणि संत्री सर्वांनी मिळून खाल्ली. ती तेथे नव्हती. आपले, आईचे आणि गावाचे नाव तिला लिहिता येऊ लागले होते, आणि तिची वही तिच्याबरोबर गेली. तिच्याविषयी आम्हांला एवढेच ठाऊक आहे.

वर्षभर लवकर गेलो असतो, तर ती पुस्तक वाचू लागली असती. म्हणून बंधुभगिनींनो, येत्या नाताळात खाऊ जरूर न्या. पण जानेवारीत परत केव्हा येणार, हे ठरवून मगच गाडीत बसा.

विचारासाठी प्रश्न
१. नहेम्या ८ मध्ये लोक आधी रडले आणि मग आनंदित झाले (वचने ९-१२). असे का झाले असावे?
२. आपल्या मंडळीजवळच्या कोणत्या वस्तीने आपल्याला काही मागितले आहे? आपण ते ऐकले आहे काय?
३. आपल्या वर्गातील मुलांच्या घरी कोणती भाषा बोलतात?
४. आपल्यापैकी कोण चार जण सहा आठवडे देऊ शकतील?

प्रार्थना : हे प्रभू, तू लेकरांपाशी थांबलास. आम्हांलाही थांबावयास शिकव. आमच्या देण्यातील मोठेपणा काढून टाक, आणि जे आम्ही शिकवू ते त्यांना समजो, म्हणजे आमचा आनंद त्यांच्या आनंदाबरोबर एक होईल. आमेन.