तुटलेली स्प्रिंग आधी हातात घ्या

"मॅडम, ओव्हरलोड झाली असणार, नाहीतर जोरात खड्ड्यात गेली असणार." गाडी अजून लिफ्टवर चढलीही नव्हती आणि सर्व्हिस ॲडव्हायझरने निकाल देऊन टाकला. पाठोपाठ दुसरा प्रश्न, "गाडी तुम्ही चालवता की मिस्टर?" याचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही रत्नागिरीचे. सासूबाईंना तपासणीसाठी आंबा घाटातून कोल्हापूरला न्यावं लागतं. गाडीत आम्ही दोघी, त्यांची फाइल आणि डबा. यात ओव्हरलोड कुठला? घरापाशी गाडी वळवताना पुढच्या डाव्या चाकाकडून टण्ण असा आवाज येऊ लागला आणि गाडी त्या अंगाला बसल्यासारखी दिसली. घाट चढायच्या आधीच मी ती दाखवायला नेली. तुटलेल्या स्प्रिंगचं टोक टायरला आतून घासलं तर टायर फाटतो, त्यामुळे आवाज आल्यावर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणू नका.

मेकॅनिकने शॉकप खाली उतरवला तेव्हा स्प्रिंगच्या अगदी खालच्या वेढ्याचा, वाटीत बसणारा तुकडा सुटून आला. तो मी मागून घेतला. तुटलेल्या तोंडाचा कडेचा नखाएवढा भाग काळपट तांबडा, गंज मुरलेला. उरलेला सगळा करडा, दाणेदार, चमकता. तिथेच माझ्या लक्षात आलं की ही स्प्रिंग काल मोडलेली नाही. तडा कधीचाच होता, पाणी पिऊन गंजत होता, हळूहळू आत सरकत होता. चमकता भाग तेवढा शेवटी एका झटक्यात गेला. मी हे दाखवलं तर ॲडव्हायझर म्हणाला, "गाडी धुताना पाणी लागलं असेल." मग गंज अख्ख्या तोंडावर का नाही? उत्तर न देता तो हातातल्या टॅबलेटमध्ये बघत राहिला. वयस्कर मेकॅनिक एवढंच म्हणाला, "वहिनी, किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे होतं." त्याला लगेच दुसऱ्या गाडीकडे पिटाळण्यात आलं.

का होतं, तेही सांगते. हल्लीच्या स्प्रिंगा सिलिकॉन-क्रोमियमच्या कडक पोलादाच्या असतात. गाडीचं वजन कमी ठेवण्यासाठी तार बारीक घेतात, म्हणजे तिच्यावरचा ताण वाढतो. तडा जाऊ नये म्हणून कारखान्यात तिच्या पृष्ठभागावर बारीक छऱ्यांचा मारा करतात आणि वरून पावडर कोटिंग देतात. हे कोटिंग शाबूत आहे तोवर काळजी नसते. पण खालच्या वाटीत चिखल, जांभ्याची तांबडी माती आणि वाळूचे कण अडकतात. चाक वरखाली होताना वेढा त्यावर घासतो, कोटिंग उडतं आणि खारं पाणी थेट पोलादाला भिडतं. गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खळगा पडला की तडा तिथून निघतो. खड्डे त्याला पुढे ढकलतात, मुळात सुरुवात करतो तो गंज. म्हणून पावसाळा संपला की चाकाच्या कमानीत साध्या पाण्याचा फवारा मारून घ्या आणि बॅटरी लावून खालची वाटी बघा.

ओव्हरलोडचं कारण पुढे करून त्यांनी वॉरंटी नाकारली ती नाकारलीच. कारण लेखी द्या म्हटल्यावर "वरून विचारतो" असं सांगितलं. ते उत्तर आजतागायत आलेलं नाही.

शेवटी पैसे भरून नवी स्प्रिंग बसवून घेतली, तर गाडी घरी आल्यावर नाक एका बाजूला वर. टेपने चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजलं, दोन्हीकडची मापं जुळेनात. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात, ते डावीकडे वेगळे आणि उजवीकडे वेगळे! माझी गाडी पेट्रोल, बसवलेली स्प्रिंग त्याच मॉडेलच्या डिझेलची. डिझेल इंजिन जड, त्यामुळे स्प्रिंगही वेगळी. एवढंही न बघता गाडी माझ्या हवाली केली आणि वर मलाच गाडी चालवण्याबद्दल विचारत होते.

तेव्हा मॉडेलच्या नावावर स्प्रिंग घेऊ नका. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढायला लावा आणि जुन्या स्प्रिंगचे ठिपके त्याच्याशी ताडून बघा. एका ॲक्सलवरच्या दोन्ही स्प्रिंगा एकदम बदला. दुसरीनेही तेवढंच खारं पाणी खाल्लेलं असतं आणि ती थोडी बसलेलीही असते. दुकानदार "हेवी ड्युटी घ्या, ताई" म्हणाला तर तारेची जाडी विचारा. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरऐवजी १३ची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. घाटात पाठ मोडते आणि शॉकपही लवकर जातो. वेल्डिंग करून जोडलेली किंवा कापून आखूड केलेली स्प्रिंग फुकट दिली तरी नको, कारण उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं. वेढ्यांत ठोकायचे रबरी बफरही नकोत, त्यांच्या कडेला पुन्हा मातीच साचते. शॉकप खाली आलाच आहे तर रबर पॅड आणि वरचं माउंटिंग तपासून घ्या. नंतर व्हील अलाइनमेंट करा. बिल जपून ठेवा, गॅरेज विश्वासाचं बघा, हे काय सगळेच सांगतात.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. तुटलेला तुकडा गॅरेजमध्ये सोडू नका. तोंडाचा फोटो तिथेच, उजेडात, गाडीचा नंबर दिसेल असा काढा. तक्रार करायची झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि जॉब कार्डवर 'ओव्हरलोडमुळे' असं लिहून समोर ठेवलं, तर सही करू नका. मी केली नाही.