घरची बोली आणि शाळेची भाषा



कांहीं वर्षांपूर्वीं मालवणाकडील एक मुलगा माझ्या वर्गांत होता. "सुटीचा निरोप घरीं सांगशील ना?" असें मीं विचारितांच तो उठून म्हणाला, "व्हय मास्तर, मी आवशीक सांगतंय." सारा वर्ग हंसला, आणि लिहितांना लाज वाटते, पण मीही हंसलों. त्यानंतर कित्येक आठवडे त्या मुलानें वर्गांत तोंड उघडलें नाहीं.

त्याचें वाक्य खरोखर अशुद्ध होतें काय? पुस्तकी मराठींत जेथें 'ला' लागतो, तेथें मालवणींत 'का' किंवा 'क' लागतो. मला म्हणजे माका, तुला म्हणजे तुका, आईला म्हणजे आवशीक. हा नियम तो मुलगा कधीं चुकला नाहीं. आणि जेथें नियम आहे, तेथें व्याकरण आहे.

फादर स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक गोव्यांत राहिला. त्याचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. त्यांतील भाषा ग्रांथिक मराठी. परंतु लोकांच्या तोंडच्या कोंकणीचेंही त्यानें व्याकरण रचिलें, तें त्याच्या मरणानंतर १६४० त रायतूर येथें छापलें. एकीच्या मानासाठीं त्यानें दुसरीचा अपमान केला नाहीं.

ग्रंथभाषा मात्र शिकलीच पाहिजे. मालवणचा व नागपूरचा मनुष्य तिच्याच द्वारें एकमेकांचें लिहिणें वाचतात. अर्ज, वर्तमानपत्रें व परीक्षा तिच्यांतच असतात. म्हणून निबंधांतील 'माका' मी आजही सुधारितों. पण 'चूक' असा शेरा न मारितां फळ्यावर दोन रकाने आंखितों: 'घरीं' व 'पुस्तकांत'. पहिल्यानें हे रकाने आंखिले, तेव्हां खडू त्याच मुलाच्या हातीं दिला. तो हळूहळू लिहूं लागला, आणि हंसणारींच मुलें त्याला शब्द विचारूं लागलीं.

पालकांस विनंति ही कीं, मुलांशीं आपली बोली बोलण्यास संकोचूं नये. शाळेनें मुलाला दुसरें घर द्यावें, पहिलें मोडूं नये.

प्रमुख याजकाच्या वाड्यांत पेत्राला लोकांनीं त्याच्या गालीली बोलीवरून ओळखिलें, व तो भ्याला. पुढें पन्नासाव्या दिवशीं शिष्य बोलूं लागले, तेव्हां प्रत्येकास आपापल्या जन्मभाषेंत ऐकूं आलें. आणि त्या दिवशीं उभें राहून उपदेश केला तो त्याच गालीली पेत्रानें. वर्गांत कोणाच्या बोलीस हंसूं आलें, तर मुलांनो, एवढें स्मरा.