यूपीएस आहे, पण सर्व्हर बंद कोण करणार?

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय ना? सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड फेल झाली आणि गिरगावापासून दादरपर्यंत सगळं ठप्प, लोकलसुद्धा. यूपीएस तुम्हाला फक्त काही मिनिटं देतो. ऑफिसात कोणी नसेल तर बॅटरी संपते, सर्व्हर धाडकन बंद पडतो आणि टॅलीचा डेटा करप्ट होऊ शकतो.

म्हणून यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा. (पोर्टच नसेल तर तो यूपीएस या कामाचा नाही.) विंडोजमध्ये बॅटरीचं चिन्ह दिसलं की पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जा, ‘क्रिटिकल बॅटरी ॲक्शन’ला ‘शट डाउन’ निवडा. लेव्हल ५ टक्के नको, ४० ठेवा. जुनी बॅटरी शेवटचे टक्के झपकन संपवते. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका.

आता बॅकअप घ्या, टॅली बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि सर्व्हर आपोआप बंद होईपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा.