कंपनीच्या स्टिरिओला सबवूफर जोडताना: वायरिंग आणि हिशोब, दोन्ही नीट करा

कार अ‍ॅक्सेसरीज दुकानदारांसाठी आजचा धडा. "गाणी ऐकायला मजा येत नाही, बेस पाहिजे, पण कंपनीचा स्टिरिओ काढायचा नाही," असं सांगणारे गिऱ्हाईक आता रोज येतात. स्क्रीन, स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा सगळं त्याच युनिटला जोडलेलं असतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

१. सिग्नल कुठून घ्यायचा?
बऱ्याच कंपनी फिटेड स्टिरिओला मागे आरसीए आउटपुट नसतो. मग दोन रस्ते. अ‍ॅम्प्लिफायरला हाय-लेव्हल इनपुट असेल तर मागच्या स्पीकरच्या वायरवरून थेट सिग्नल घ्या. नसेल तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर लावा. शक्यतो मूळ वायर कापू नका. त्या मॉडेलचा कपलर वापरा, म्हणजे उद्या सगळं काढून गाडी होती तशी करता येते. वॉरंटीतल्या गाडीला हे फार महत्त्वाचं.

२. वायर किती जाडीची?
अंदाजाने नको, गणित करा. अ‍ॅम्प ३०० वॅट आरएमएसचा, क्लास डी, कार्यक्षमता साधारण ७५ टक्के धरा. म्हणजे बॅटरीतून ४०० वॅट ओढणार. ४०० भागिले १२ म्हणजे सुमारे ३३ अँपिअर. इथे ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम वायर असते. तीच घेणार असाल तर एक साइज जाड घ्या. आणि हो, बॉक्सवर छापलेले "१२०० वॅट मॅक्स" विसरा, फक्त आरएमएस बघा.

३. फ्यूज कुठे?
बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नाही, वायरसाठी असतो. अ‍ॅम्पवर स्वतःचा फ्यूज असतो, म्हणून काही जण बॅटरीजवळचा टाळतात. पण वायर पत्र्याला घासून मध्येच शॉर्ट झाली तर अ‍ॅम्पचा फ्यूज काहीच करू शकत नाही. बॅटरी पूर्ण ताकदीने करंट सोडते, वायर पेटते, आणि त्या गाडीत कुणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं. फायरवॉलमधून वायर नेताना रबर ग्रोमेट लावायचाच.

४. अर्थ आणि सेटिंग
अर्थिंगची वायर पॉवरच्याच जाडीची आणि जमेल तितकी आखूड. जागेवरचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट घट्ट करा. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने, सिग्नलची दुसऱ्या बाजूने, नाहीतर इंजिनची शिट्टी ऐकू येते. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. आवाज फाटायला लागला की मागे या.

५. आता पैशाचं बोलू
समजा भाडं, पगार, वीज मिळून महिन्याचा खर्च ६०,००० रुपये आणि हातात प्रत्यक्ष कामाचे तास २००. म्हणजे एक तास ३०० रुपयांना पडतो. हे काम ३ तासांचं, म्हणजे ९०० रुपये. वायरिंग किट १,२०० ला खरेदी. तुमचा खर्चच झाला २,१००, नफा त्याच्या पुढे.

शेजारचा हेच १,५०० मध्ये करतो म्हणाला, तर एक तर तो तोट्यात आहे, नाहीतर त्याने काहीतरी गाळलंय. गिऱ्हाईकाला शेजाऱ्याबद्दल वाईट बोलू नका. एवढंच म्हणा, "साहेब, तिकडे करा, पण बॅटरीजवळ फ्यूज आहे का ते बोनेट उघडून बघा." आपल्या बिलावर किट, फ्यूज, मजुरी वेगवेगळ्या ओळीत लिहा. पैसे कशाचे ते दिसलं की घासाघीस कमी होते.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानाचा एका तासाचा खर्च काढा आणि काउंटरमागे लिहून ठेवा. गाडी ताब्यात देण्याआधी बोनेट उघडून फ्यूज गिऱ्हाईकाला स्वतः दाखवा. गेन सेटिंग पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष करून दाखवतो. भेटू!