क्रॅश डंप : कोसळलेल्या संगणकाची साक्ष

दि. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक लहानशी फाईल पाठविली. विंडोजवर चालणारे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक त्यामुळे बंद पडले. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हा सायबर हल्ला नव्हता, आज्ञावलीतील दोष होता. मायक्रोसॉफ्टने २७ जुलै रोजी प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात या दोषाचा माग ज्या पुराव्याच्या आधारे काढण्यात आला, त्यास क्रॅश डंप असे म्हणतात.

आज्ञावली कोसळते त्या क्षणी संगणकाच्या स्मृतीत जे काही असते, त्याची जशीच्या तशी घेतलेली नोंद म्हणजे क्रॅश डंप. युनिक्स व लिनक्समध्ये हिलाच कोअर डंप म्हणतात. पूर्वीच्या संगणकांची स्मृती चुंबकीय कड्यांची, म्हणजे कोअरची असे. कड्या गेल्या, नाव मात्र राहिले.

या नोंदीची गरज का भासते? अनेक दोष प्रयोगशाळेत पुन्हा घडवून आणता येत नाहीत आणि संगणक पुन्हा सुरू होताच स्मृतीतील पुरावा पुसला जातो. आज्ञावलीने निषिद्ध पत्त्यावरील स्मृती वाचण्याचा प्रयत्न केला की प्रोसेसर ती कृती रोखतो. आज्ञावलीने स्वतः ही परिस्थिती हाताळली नाही, तर कार्यप्रणाली तिला थांबवून डंप लिहू शकते. दोष खुद्द कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये असेल तर संपूर्ण यंत्रच थांबते. ६४ बिट विंडोजमधील लघु डंप अवघा २५६ किलोबाइटचा असतो, तर पूर्ण डंप जवळपास यंत्राच्या रॅमएवढा मोठा होतो. डंपची सोय आधीच करून ठेवावी लागते, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. काही लिनक्स यंत्रणांत कोअर फाईलची मर्यादा शून्य ठेवलेली असते. अशा वेळी अपघात घडतो, पण साक्ष उरत नाही. न कोसळता नुसत्या अडकून पडलेल्या आज्ञावलीचा डंप विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून किंवा लिनक्सच्या जीकोअर या साधनाने घेता येतो.

विश्लेषणासाठी विंडोजवर विनडीबीजी आणि लिनक्सवर जीडीबी ही साधने वापरली जातात. डंपमध्ये प्रामुख्याने अंकी पत्ते असतात. त्यांना फलनांची नावे देण्यासाठी त्याच आवृत्तीच्या सिम्बॉल फाईल्स लागतात. आवृत्ती जुळली नाही तर साधन चुकीची नावे दाखवू शकते, आणि चुकीचे नाव हे नाव नसण्यापेक्षा अधिक दिशाभूल करते. त्यानंतर कोणत्या फलनाने कोणाला बोलाविले याची साखळी, म्हणजेच कॉल स्टॅक, वाचली जाते.

परीक्षार्थींनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा : डंप 'कोठे' हे सांगतो, 'का' हे नेहमी सांगत नाही. उपरोक्त घटनेत डंपने सीएसएजंट हा ड्रायव्हर आणि मर्यादेबाहेरील स्मृतिवाचन दाखविले. त्यामागचे कारण मूळ संहिता व चाचण्या तपासल्यावर स्पष्ट झाले. नव्या रचनेत २१ मूल्ये अपेक्षित होती, प्रत्यक्षात २० पुरविली जात होती. चाचण्यांमध्ये एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' असा निकष असल्याने ही उणीव उघड झाली नव्हती.

डंपची दुसरी बाजू गोपनीयतेची आहे. कोसळण्याच्या क्षणी स्मृतीत पासवर्ड, गुप्त किल्ल्या वा खातेक्रमांक असतील तर तेही फाईलमध्ये उतरतात. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक स्वाक्षरी-किल्ली हल्लेखोरांच्या हाती लागल्याचे उघड झाले. ती २०२१ मधील एका क्रॅश डंपमधून निसटली असावी, असे कंपनीने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये म्हटले. परंतु किल्ली असलेला असा डंप सापडलेला नाही, हे मार्च २०२४ मध्ये तिला नमूद करावे लागले. तर्क व पुरावा यांतील हे अंतर विश्लेषकाने सांभाळावयाचे असते. बँकेच्या सर्व्हरचा डंप दुरुस्तीसाठी बाहेरच्या कंपनीकडे पाठविताना त्यातील ग्राहकांची नावे व खाती हीदेखील डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या व्याख्येनुसार वैयक्तिक माहितीच ठरते.