शाळेला शाळाच राहू द्या

(युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष सुरू झाला, की मुलांची शाळा सुटते. अशा वेळी शाळेवर कोणते संकट येते आणि ती कशी वाचवता येते, हे या पाठात सांगितले आहे.)

निवडणूक आली, की शाळेला एक-दोन दिवस सुट्टी मिळते. परभणी असो, पाथरी असो, की जिंतूर, बहुतेक मतदान केंद्रे शाळेतच असतात. बाके बाजूला सारली जातात. भिंतीवर याद्या चिकटवल्या जातात. दारात पोलीस उभा राहतो. गोदावरीला मोठा पूर आला, तर नदीकाठच्या लोकांचीही सोय शाळेत करावी लागते. शाळा सगळ्यांच्या उपयोगी पडते. हे पाहुणे दोन-चार दिवसांचे असतात. ते जातात आणि पुन्हा घंटा वाजते.

पण समजा, पाहुणे गेलेच नाहीत तर? त्यांच्या हातांत बंदुका आहेत. त्यांनी गच्चीवर वाळूची पोती रचली आहेत आणि मैदानाभोवती काटेरी तार लावली आहे. अशा शाळेत कोणती आई आपले मूल पाठवील?

मुलांनो, ही नुसती कल्पना नाही. आपल्या महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच असे घडले आहे.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. तेथे इंद्रावती नदी ओलांडली, की छत्तीसगड राज्यातील बस्तरचे जंगल लागते. या भागात माओवादी आणि सरकारी सुरक्षा दले यांच्यात अनेक वर्षे संघर्ष चालला. 2005 नंतर तो फारच वाढला. जंगलातील गावांमध्ये घरे माती-कुडाची असतात. पक्की इमारत असते ती बहुधा शाळेचीच. म्हणून सुरक्षा दलांनी काही शाळांत आणि वसतिगृहांत मुक्काम केला. माओवादी म्हणू लागले, “आज येथे मुले आहेत, उद्या पोलीस राहतील.” असे म्हणून त्यांनी कित्येक शाळांच्या इमारती पाडल्या, सुरुंग लावून उडवल्या. एका बाजूने शाळेची छावणी झाली, तर दुसऱ्या बाजूने शाळेचा ढिगारा झाला. दोन्हीकडून मुलांचेच नुकसान झाले.

यातून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ज्या इमारतीत सैनिक राहतात, तिच्यावर त्यांच्या शत्रूची नजर असते. युद्धाच्या नियमांनुसार मुलांच्या शाळेवर हल्ला करणे हा अपराध आहे. पण तीच शाळा छावणी झाली, की हल्ला करणाऱ्याला निमित्त मिळते. पुढे छावणी उठली, तरी संशय उठत नाही. म्हणून शाळेवर हल्ला करू नये, एवढेच सांगून भागत नाही. शाळेत छावणी करू नये, हेही सांगावे लागते.

बस्तरचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी 2011 मध्ये न्यायालयाने आदेश दिला, की सुरक्षा दलांनी शाळा आणि वसतिगृहे चार महिन्यांच्या आत रिकामी करावीत. ज्या मुलांच्या गावात शाळा उरली नव्हती, त्यांच्यासाठी सरकारने बांबूच्या भिंतींच्या निवासी शाळा उघडल्या. पुढे अनेक गावांतील बंद शाळा पुन्हा सुरू झाल्या. काही ठिकाणी तर साध्या झोपडीत वर्ग भरू लागले. तेथे गावातलेच तरुण शिकवतात. त्यांना ‘शिक्षादूत’ म्हणतात. 2025 मध्येही माओवाद्यांनी अशा काही शिक्षादूतांचा जीव घेतला. हातात फक्त खडू असलेल्या माणसाची बंदूकवाल्यांना एवढी भीती का वाटावी?

नदीच्या अलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात हेमलकसा नावाचे गाव आहे. तेथे बाबा आमटे यांनी 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला. 1976 मध्ये तेथे माडिया मुलांसाठी शाळा सुरू झाली. माडिया मुलांची घरची भाषा वेगळी. मराठी त्यांना शाळेत येऊन शिकावी लागते, जशी तुम्ही शिकत आहात. आजूबाजूला संघर्ष चालू असतानाही ही शाळा चालू राहिली. तेथे शिकलेली काही मुले डॉक्टर झाली, काही शिक्षक झाली.

जगातही ठिकठिकाणी शाळांवर असे संकट आले आहे. 16 डिसेंबर 2014 रोजी पाकिस्तानातील पेशावर शहरात दहशतवाद्यांनी एका शाळेत शिरून 130 हून अधिक मुलांना ठार मारले. युक्रेनमधील खारकीव शहरात बॉम्बच्या भीतीने 2023 पासून जमिनीखालच्या मेट्रो स्थानकांत वर्ग भरवावे लागले. त्याच वर्षी गाझामध्ये युद्ध भडकले. तेथील शाळा बेघर लोकांच्या आसऱ्याची जागा बनल्या आणि त्यांतील अनेक शाळांवर बॉम्ब पडले.

हे थांबावे म्हणून 2015 मध्ये नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे ‘सुरक्षित शाळा जाहीरनामा’ तयार झाला. शाळांवर हल्ले होऊ देणार नाही आणि सैन्याला शाळेपासून दूर ठेवू, असे वचन त्यात आहे. शंभराहून अधिक देशांनी ते दिले आहे. 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 9 सप्टेंबर हा दिवस शिक्षणाच्या रक्षणासाठी ठरवला.

हा विचार आपल्याला नवा नाही. हजरत अबूबकर यांनी मोहिमेवर निघालेल्या सैन्याला बजावले होते, की स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, मठात राहणाऱ्यांना त्रास देऊ नका. छत्रपती शिवाजी महाराजांनीही चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या सैन्याला पत्र पाठवून ताकीद दिली होती, की रयतेकडून काही हिसकावू नका, लागेल ते बाजारात विकत घ्या. लढणाऱ्याच्या हातालाही मर्यादा असते, हेच या दोघांनी सांगितले.

आपल्या परभणी जिल्ह्यात दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. 1948 पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. 1947-48 च्या अशांत काळात मराठवाड्यातील सर्व समाजांच्या लोकांनी दुःख सोसले. कोणी आधी गाव सोडले, कोणी नंतर सोडले. गाव सुटले, की शाळाही सुटते. तेव्हाची मुले आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या मोहल्ल्यात असेल, तर त्यांना जरूर विचारा, “दादाजान, तुमची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली?” त्यांचे उत्तर ऐकले, म्हणजे रोज सकाळी वाजणाऱ्या आपल्या शाळेच्या घंटेची किंमत तुम्हांला कळेल.

शब्दार्थ
सशस्त्र – हत्यारे घेतलेला. संघर्ष – लढा, झगडा. छावणी – सैन्याचा मुक्काम. वसतिगृह – विद्यार्थ्यांची राहण्याची जागा. सुरुंग – स्फोट करण्यासाठी पेरलेली दारू. निमित्त – बहाणा. रयत – प्रजा. ताकीद – सक्त सूचना.

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बस्तरच्या गावांत पक्की इमारत बहुधा कशाची असते?
(आ) सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कोणता आदेश दिला?
2. कारण सांगा : शाळेत छावणी झाली, की शाळेचा धोका वाढतो.
3. पाठात आलेले असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात.
4. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या शाळेविषयी विचारा आणि आठ-दहा ओळी लिहा.