हरलेल्या पैलवान भाच्यास

गिरगाव, मुंबई ४०० ००४

चि. सागर यास,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आक्का सांगत होती, तालमीत जात नाहीस, दिवसभर माडीवर पडून असतोस आणि जेवायला हाक मारली की अंगावर येतोस. हरलेला पैलवान आठवडाभर असा वागला तर घरानं सोसावं. आता महिना होत आला. मामा या नात्यानं काही लिहितो आहे, गोड लागणार नाही.

तुझी कुस्ती मी मोबाईलवर पाहिली. सव्वा मिनिट उरलं होतं तेव्हा तू तीन-एक असा पुढे होतास, पण तुझे हात गुडघ्यांवर गेले होते. पंचांनी उभं केलं, तर कॉस्च्युम सारखा करायच्या निमित्तानं तू दोन श्वास जास्त घेतलेस. समोरच्या पोरानं ते हेरलं. एकेरी पटाचे दोन, आहे तिथंच भारंदाज लावून आणखी दोन. पाच-तीन. जिल्ह्याची गदा गेली आणि राज्याच्या संघातली जागाही गेली.

आता तू सगळ्यांना सांगतोस की पंच फितूर होते. मला तरी त्या व्हिडिओत पंचांचं काही चुकलेलं दिसलं नाही. तुझा दम संपला होता. गेल्या वर्षी गदा आली आणि तू गावोगावच्या जत्रांत फेटे बांधून घेत फिरलास, चौकाचौकात फ्लेक्स लागले, पहाटेची धाव सुटली. वस्ताद याबद्दल माझ्याकडे एक शब्द बोललेले नाहीत. तुझं पोटच सांगत होतं.

आणि पंच चुकले असते तरी काय करणार होतास? २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला काय झालं ते तुझ्या वयाच्या प्रत्येक पैलवानानं पाहिलं आहे. शिवराज राक्षे म्हणजे दोन वेळचा महाराष्ट्र केसरी. गादीवर पृथ्वीराज मोहोळनं त्याला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. तो बरोबर होता की चूक, यावर अजूनही पारावर भांडणं होतील. पण शिवराजनं पंचाला लाथ मारली आणि त्या क्षणी कुस्तीचा विषय संपून लाथेचा विषय सुरू झाला. तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्याच दिवशी अंतिम लढत हरलेल्या महेंद्र गायकवाडवरही शिवीगाळीबद्दल तेवढीच बंदी आली. पैलवानाच्या उमेदीत तीन वर्षं म्हणजे किती, हे तुला मी सांगायला नको. तू निदान हात उचलला नाहीस, एवढं बरं केलंस. आता जीभही आवर. पंचांबद्दल तू मोबाईलवर जे टाकलं आहेस ते आजच्या आज काढ.

याच्या उलट २०२० च्या जानेवारीतली बालेवाडी आठव. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्या तालमीतले, एकाच ताटात जेवणारे. महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी समोरासमोर आले आणि हर्षवर्धन एका गुणानं जिंकला. जिंकल्यावर त्यानं हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. मला त्यात हर्षवर्धनपेक्षा शैलेशचं कौतुक जास्त वाटतं. गदा हुकली त्या मिनिटाला दुसऱ्याच्या खांद्यावर बसून लोकांना हात करणं सोपं नसतं.

तुझा खरा प्रश्न वेगळा आहे, तो तू आईजवळ बोललास: ‘आता माझं काय होणार?’ तेवीस वर्षांच्या, एकशे चार किलोच्या पैलवानानं हा प्रश्न विचारावा हे मला मुळीच चुकीचं वाटत नाही. उलट गदा खांद्यावर होती तेव्हाच विचारायला हवा होता.

अभिजित कटके तुला ठाऊक आहे. २०१६ ला वारज्यात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत तो विजय चौधरीकडून हरला. २०१७ ला भूगावात किरण भगतला हरवून गदा घेतली. पुढच्याच वर्षी जालन्यात बाला रफिक शेखनं ती त्याच्याकडून नेली. म्हणजे तीन वर्षांत तीन अंतिम लढती, त्यांतल्या दोन हरलेल्या, आणि दुसरी हार तर किताब हातात असताना. तेव्हा लोकांनी त्याला मोडीत काढलं नसेल असं समजू नकोस. २०२३ च्या जानेवारीत हैदराबादला तो हिंद केसरी झाला. मधली चार वर्षं त्यानं काय केलं? पहाट चुकवली नाही, एवढंच मला बाहेरून दिसतं. जड वजनाचा पैलवान उशिरा पिकतो. सत्तावन्न किलोच्या पोराचा वेग पंचविशीनंतर ओसरायला लागतो; तुझ्यासारख्याची ताकद तेव्हा कुठं हाडात बसायला लागते. म्हणून वयाची भीती आखाड्यात नाही. ती नोकरीच्या अर्जात आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी वजनाचं. महाराष्ट्र केसरीच्या गटात ८६ ते १२५ किलोचे सगळे एकाच चरकात जातात, त्यामुळे तालमीतला प्रत्येक जण वजन वाढवायच्या मागे लागतो. तूही लागलास. एकशे चारचा तू एकशे बावीसच्या गड्याला पाठीवर घेऊन सहा मिनिटं काढतोस आणि पाचव्या मिनिटाला गुडघे धरतोस. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र ९७ किलोचा गट वेगळा आहे. सात किलो उतरवलेस तर तुझ्याच मापाची माणसं समोर येतील आणि तुझा पट, जो खरोखर वेगवान आहे, कामाला येईल. गदेच्या नादात आपल्याकडचे कितीतरी चांगले मल्ल ९७ मध्ये खेळायचं सोडून सव्वाशेच्या मागे धावतात आणि ना इकडचे ना तिकडचे राहतात. हे माझं मत आहे. वस्ताद वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐक, पण विचार तरी. माझ्या मते यंदा गदा विसर आणि राष्ट्रीय पदक धर.

कारण रेल्वेच्या नोकरीच्या टेबलावर गदा चालत नाही. मी चर्चगेटला रेल्वेच्या कार्यालयात जन्म काढला, खेळाडू भरतीच्या कित्येक फायली माझ्या टेबलावरून गेल्या. पोरं फेटा बांधलेले फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, आमदारांच्या हस्ते सत्काराचे दाखले घेऊन यायची. फायलीत त्यांतलं काहीच लागत नाही. लागतं ते राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र, तेही चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतलं. वयाची अट १८ ते २५, आणि तिला सवलत नसते. तुझ्याकडे दोन वर्षं आहेत, सागर. आखाड्यात ती भरपूर आहेत, अर्जाच्या दृष्टीनं फार थोडी.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीतही. पण अर्जाआधी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, आणि ती जाहिरात निघाल्यावर धावपळ करून होत नाही. शिवाय प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं, हे आधी बघ. २०२३ च्या नोव्हेंबरात दोन संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी घेतल्या: फुलगावात शिवराज राक्षे अंतिम लढत हरला आणि त्याच महिन्यात धाराशिवला जिंकला. जगात असा किताब दुसरा नसेल! मोठ्यांच्या भांडणात नुकसान होतं ते त्यात उतरलेल्या पोरांच्या कागदांचं. मान्यता कुणाला आहे हे विचारल्याशिवाय कुठंही नाव देऊ नकोस.

नोकरी लागली की कुस्ती संपते, असं तालमीत बोलतात. विजय चौधरी सलग तीनदा महाराष्ट्र केसरी होऊन पोलीस उपअधीक्षक झाला आणि २०२३ ला कॅनडात विनिपेगला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. राहुल आवारेचं तर तुला पाठ असेल. रिओच्या संघात नाव आलं नाही, २०१८ ला राष्ट्रकुलचं सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेचं कांस्य, आणि अंगावर पोलिसाची वर्दी. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, त्यांनाही १९५५ ला पोलिसात फौजदार म्हणूनच उभं राहावं लागलं. सरकारनं त्यांना जे द्यायला हवं होतं ते दिलं नाही, पण त्या नोकरीनं घर चाललं.

नाहीतर काय होतं, ते मी इथं रोज पाहतो. आमच्या वाडीचं पुनर्विकासाचं गाडं अडलं आहे, तीन-चार भाडेकरू सही करत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांना ‘समजवायला’ काही माणसं आली. काळे टी-शर्ट, गळ्यात साखळ्या, जिन्यात उभी राहिली की वाट अडते. बोलत कुणीच नव्हतं. उभं राहायचेच पैसे असतात. वरच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या काकू दूध घेऊन वर येत होत्या. त्यांना वाट द्यायला एक जण बाजूला सरकला, मान खाली घातली, आणि मला त्याचा कान दिसला. मोडलेला, गाठ झालेला, तुझ्यासारखाच. मी विचारलं, कुठल्या तालमीचा? त्यानं वस्तादांचं नाव सांगितलं नाही, लाज वाटली असावी. एवढंच म्हणाला, ‘काका, दोनदा राज्याला खेळलोय.’ त्याला चहा दिला. तोही त्यानं उभ्यानंच घेतला.

तुला मुंबईत बाउन्सरच्या कामाला बोलावणारा तो मित्र याच धंद्यात आहे. महिन्याला पैसे बरे मिळतील. रात्रभर जागरण, सकाळी झोप, मेहनत बंद, आणि शरीर आहे तोवर काम. प्रामाणिक चौकीदारी वेगळी, तिला मी नावं ठेवत नाही. पण म्हाताऱ्यांच्या जिन्यात उभं राहायला तुझ्या बापानं तुला तूप खाऊ घातलेलं नाही.

आणि त्या तुपाबद्दलही एकदा बोलू. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण धरून महिन्याला वीस-पंचवीस हजार जातात, असं दाजींनी मला सांगितलं. गेल्या दिवाळीत दोन म्हशी विकल्या, हे त्यांनी सांगितलं नाही, आक्कानं सांगितलं. तुला माहीत आहे का? नसेल तर आता झालं. कुणाची तरी वर्गणी, कुणाचं तरी दत्तक घेणं, यावर फार विसंबू नकोस. गदा असते तोवर पुढारी पैलवानाला शेजारी उभा करतात, नंतर ती जागा दुसऱ्याची होते.

परदेशातलं एक सांगतो, मुष्टियुद्धातलं. फ्लॉइड पॅटरसन हा हेवीवेटचा जगज्जेता. १९५९ ला योहान्सननं त्याला एकाच फेरीत सात वेळा खाली पाडलं आणि किताब नेला. पुढच्याच वर्षी पॅटरसननं तो परत मिळवला; हेवीवेटमध्ये गेलेला किताब परत मिळवणारा तो पहिला. तोच पॅटरसन १९६२ ला लिस्टनकडून पहिल्याच फेरीत हरला, तेव्हा लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून खोटी दाढी लावून शिकागोतून निघून गेला. ती दाढी त्यानं लढतीआधीच जवळ ठेवलेली होती! तू माडीवर बसला आहेस ते त्या दाढीपेक्षा फार वेगळं नाही. मात्र तो दाढी काढून पुढं दहा वर्षं खेळला, हेही लक्षात ठेव.

पण किती दिवस खेळायचं याचीही मर्यादा असावी. मोहम्मद अली १९७४ ला किन्शासात फोरमनला पाडून पुन्हा जगज्जेता झाला, तिथं थांबता तर बरं झालं असतं. १९८० ला अडतिसाव्या वर्षी लॅरी होम्ससमोर उभा राहिला आणि त्याच्याच कोपऱ्यातल्या माणसांना लढत थांबवावी लागली. तुझी मर्यादा मी ठरवू शकत नाही, वस्तादांबरोबर बसून तू ठरव. माझ्या मते दोन हंगाम पुरेत. त्यात राष्ट्रीय पदक आलं तर पुढचा रस्ता आपोआप दिसेल. नाही आलं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, त्यासाठी पदवी लागते. तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिली आहे ती यंदा देऊन टाक. वस्तादकी ही दुय्यम गोष्ट समजू नकोस. गणपत आंदळकर १९६० चे हिंद केसरी. त्यांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत माणसं घडवली. दादू चौगुले त्याच मातीतले. दोनदा महाराष्ट्र केसरी, १९७४ ला राष्ट्रकुलचं रौप्य, आणि पुढं मोतीबागेतच वस्ताद. २०१८ ला त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, तोवर त्यांनी गदा उचलून जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

ज्या पोरानं तुला हरवलं त्याच्याशी बोललास का? नसशील तर बोल. तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे, आणि उद्या राज्याला तोच तुझा जोड असेल. त्याच्या तालमीत जाऊन आठ दिवस लढत कर. भारंदाज कुठून येतो ते तिथंच कळेल.

तर सोमवारी पहाटे तालमीत जा, वस्तादांच्या पाया पड आणि ९७ किलोचं विचार. पंधरवड्यानं सगळ्या प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन इकडं ये, कात्रणं आणू नकोस. पडताळणीचा अर्ज आपण बसून भरू. दाजींना म्हशींबद्दल काही विचारू नकोस. पुढच्या महिन्याचा खुराक मी पाठवतो आहे, तो उधार समज. पहिल्या पगारातून फेडायचा आहे.

तुझा,
मामा